म्युझियममधली टचस्क्रीन व्हीलचेअरवरून वापरता यावी म्हणून काय काय बघायचं?

कातळशिल्प

नमस्कार मंडळी, एक नेमका सल्ला हवाय आणि तो लवकर हवाय, कारण ऑर्डर जायच्या आधीच काय ते बदलता येणार आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषद जुन्या शाळेच्या इमारतीत छोटं म्युझियम करतेय. त्यातल्या टचस्क्रीनचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. दोन गोष्टी आहेत, एक भिंतीजवळ उभी ५५ इंची स्क्रीन, त्यावर गावाचा नकाशा, जागेवर बोट ठेवलं की तिथले जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातल्या आठवणी. दुसरं टचटेबल, मुख्यतः शाळेच्या मुलांसाठी. पॅनल पुरवणारे म्हणतायत की त्यांचा नेहमीचा स्टँड आहे, सगळीकडे तोच देतो, तोच लावू.

त्या स्टँडवर स्क्रीनची खालची कड जमिनीपासून ८० सेमीवर येते. ५५ इंची स्क्रीन उभी केली की तिची स्वतःची उंची साधारण १२२ सेमी. म्हणजे वरची कड २०२ सेमीवर. अमेरिकेतल्या दिव्यांगांच्या कायद्याखालच्या, म्हणजे एडीए स्टँडर्डमधे बसलेल्या माणसाचा हात पोचायची वरची मर्यादा ४८ इंच, म्हणजे १२२ सेमी धरलीय, तीसुद्धा पुढ्यात काही अडथळा नसेल तर. ८० ते १२२ म्हणजे खालचे ४२ सेमी फक्त. एक तृतीयांश स्क्रीन. आमच्या नकाशात खाडी खाली आहे आणि देवराई, डोंगरावरची वाडी, जुनी वेस हे सगळं वर. म्हणजे व्हीलचेअरवर आलेल्या माणसाला खाडी तेवढी दिसणार-ऐकणार आणि बाकी गाव नाही. हे मला चालणार नाहीये.

स्क्रीन खाली आणावी का आडवी करावी का सॉफ्टवेअरमधे काही करावं? जे स्वतः खुर्ची वापरतात त्यांनी कृपया लिहा, आणि आर्किटेक्ट लोकांनीपण.

ओळंबा

चांगला प्रश्न आणि चांगल्या वेळी विचारलास. आमच्याकडे असली ड्रॉइंग येतात तेव्हा स्टँडचे बोल्ट ठोकून झालेले असतात.

पहिलं म्हणजे आडवी कर. ५५ इंची आडवी स्क्रीन साधारण ६८ सेमी उंच असते. खालची कड ७० वर ठेवलीस तर वरची १३८ वर येते, म्हणजे दोन तृतीयांशापेक्षा जास्त भाग १२२ च्या आत. उरलेल्या वरच्या पट्टीत शीर्षक, फोटो, जे फक्त बघायचं ते टाक. बोट लावायचं काही तिथे नको.

दुसरं, नुसती उंची बघू नकोस, समोरची जमीन बघ. खुर्ची उभी राहायला किमान ९० x १२० सेमी मोकळी सपाट जागा आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ. स्टँडला दिखाव्यासाठी चौथरा देतात, चार बोटं उंच असतो, त्याने सगळं बिघडतं, कारण पायाचं फूटरेस्ट चौथऱ्याला अडतं आणि माणूस हातभर लांबच राहतो. आणि उद्घाटनानंतर तिथे कुंडी, दोरीचे पितळी खांब, दानपेटी यातलं काहीतरी येतंच. ती मोकळी जागा फरशीच्या वेगळ्या रंगाने आखून टाक म्हणजे तिथे वस्तू ठेवताना ठेवणाऱ्याला कळेल की ही जागा कशाचीतरी आहे.

सांजसकाळ

मी पुण्यात असते, मानेच्या मणक्याला इजा, सी६ लेव्हल, पॉवर चेअर वापरते. १२२ सेमीबद्दल बोलते कारण तो आकडा लोक फार पक्का धरतात.

तो आकडा ज्याचे खांदे-हात चांगले आहेत आणि कमरेतून पुढे झुकता येतं त्याच्यासाठी ठीक. माझ्या लेव्हलला ट्रायसेप्स काम करत नाहीत, म्हणजे दंडाचा मागचा स्नायू, जो कोपर सरळ धरतो. हात खांद्याच्या वर नेला की कोपरातून दुमडतो आणि खाली येतो, कधी थेट तोंडावर. पोटा-पाठीच्या स्नायूंवर ताबा नाही म्हणून पुढे झुकले तर सरळ होता येत नाही, म्हणून एका हाताने खुर्चीचा हात धरून ठेवावा लागतो. म्हणजे स्क्रीनसाठी उरला एकच हात. बोटं हलत नाहीत, मी करंगळीच्या बाजूच्या पेराने टच करते. आता त्या स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा करा असं लिहिलं असेल तर माझ्यासाठी तो फोटो मोठा होत नाही, विषय संपला.

त्यामुळे कातळशिल्प, तुला माझं सांगणं असं, हात जिथे पोचतो ती मर्यादा आणि हात जिथे आरामात काम करतो ती जागा यात फरक कर. माझ्यासाठी आरामाची जागा छातीच्या खाली, साधारण ७५ ते १०० सेमी. वारंवार लागणारी बटणं, मागे जा, भाषा, आवाज, पुढचा फोटो, ही सगळी तिथे दे. १२२ पर्यंतचा भाग कधीतरी एकदा हात लावायच्या गोष्टींना.

आणि दोन बोटांचं, ओढून न्यायचं, दाबून धरायचं जे काही असेल त्याला साधं बटण पर्याय म्हणून हवंच. अधिक आणि उणेची दोन बटणं दिली की झूमचा प्रश्न मिटतो.

कातळशिल्प

@सांजसकाळताई, हे सोनं आहे. एक विचारतो, काही जण टायपिंग स्टिक वापरतात ना, हातात अडकवायची किंवा तोंडात धरायची, ती सार्वजनिक स्क्रीनवर चालते का?

सांजसकाळ

स्क्रीन कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. मोबाईलसारखी कपॅसिटिव्ह असेल तर तिला त्वचेतून जाणारी वीज लागते, साधी लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी तिला कळतच नाही, टोकाला खास रबर किंवा वाहक कापड असलेली काडी लागते. मोठ्या पॅनलना चौकटीत इन्फ्रारेड असतं पुष्कळदा, त्यात प्रकाशाची जाळी असते आणि ती कशानेही तुटली की टच धरला जातो, म्हणजे काडी चालते, हातमोजा चालतो. पण त्याचा दुसरा त्रास, ओढणी, बाही, टेकवलेलं मनगट, काहीही टच होऊन बसतं. मला मनगट टेकवल्याशिवाय हात स्थिर धरता येत नाही. म्हणून चौकटीबाहेर मनगट टेकवायला दोन-तीन इंचाची पट्टी असेल तर फार बरं पडतं, असं मी जिथे जिथे सांगता येईल तिथे सांगते.

आजीचीगोधडी

धागा अगदी जिव्हाळ्याचा. माझा मुलगा नऊ वर्षांचा, सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे. त्याचा हात स्क्रीनकडे जाताना सरळ जात नाही, आधी तळवा कुठेतरी लागतो, मग बोट घसरत घसरत हव्या त्या चित्रावर येतं. बहुतेक स्क्रीन पहिल्या स्पर्शालाच उघडतात, त्यामुळे तो हत्तीवर जायला निघतो आणि उघडतं तिसरंच काहीतरी, की तो चिडतो आणि मग हात आणखी ताठ होतो. त्याच्या टॅबमधे आम्ही सेटिंग केलंय की बोट उचलल्यावरच क्रिया होते, म्हणजे घसरत घसरत योग्य जागी येऊन सोडलं की झालं. तुम्हाला हे करता येईल का? आणि चित्रांमधे मोकळी जागा भरपूर ठेवा प्लीज.

आणि टचटेबलाबद्दल, मुलांच्या खुर्च्या ठेंगण्या असतात, त्याच्या खुर्चीला पुढे लाकडी ट्रेपण आहे. ट्रे टेबलाच्या कडेला लागला की तो टेबलापासून वीतभर लांब. मोठ्यांची मापं घेऊन मुलांचं टेबल केलं की असं होतं. त्याला इतर मुलांच्या बरोबरीने टेबलाला बसायचं असतं, वेगळ्या कोपऱ्यातली ठेंगणी स्क्रीन त्याला नको असते.

कातळशिल्प

बोट उचलल्यावर क्रिया, हे नक्की होणार, सोपं आहे. वेबच्या सुलभतेचे जे निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात २०१८ च्या आवृत्तीपासून हे आहेच. ओढण्याच्या क्रियेला साधा पर्याय द्या हे २०२३ च्या आवृत्तीत आलं. सार्वजनिक स्क्रीनमधेही आत ब्राउजरच चालतो बरेचदा, त्यामुळे निकष तसेच्या तसे लावता येतात.

मनमौजी_नगर

विषय चांगलाय पण एक प्रामाणिक शंका. तालुक्याच्या म्युझियमला वर्षातून व्हीलचेअरवाले असे किती येणार? त्यापेक्षा तिथे एक मदतनीस ठेवला तर? तो स्क्रीन दाखवेल, समजावूनही सांगेल, गावातल्या एका पोराला कामही मिळेल. प्रत्येक मशीन प्रत्येकाला वापरता आलंच पाहिजे हे खर्चाच्या दृष्टीने कसं जमणार?

सांजसकाळ

@मनमौजी_नगर, शंका रास्त आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मदतनीस ठेवा, जरूर ठेवा. पण एका मोठ्या हॉस्पिटलात टोकनचं मशीन आलं, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यावर कुठल्या विभागात जायचंय, तक्रार काय, मोबाईल नंबर, सगळं भरायचं. मागे रांग. माझं सगळं तिथला सिक्युरिटीवाला मोठ्याने विचारून टाईप करत होता. स्त्रीरोग विभाग होता. तो माणूस बिचारा चांगलाच होता, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण इतर कुणाला स्वतःची तक्रार अशी चारचौघांत सांगावी लागत नव्हती. पैसे भरायच्या मशीनवर तर पिन दुसऱ्याला सांगायची वेळ येते.

म्युझियममधे पिन नसतो, मान्य. पण तिथे माणूस जातो तो रमायला. हे उघड, नको ते बंद कर, परत मागे जा, असं कुणाला सांगत सांगत रमता येत नाही, तीन फोटो बघून आपण 'झालं, थँक्यू' म्हणून निघतो.

आणि किती जण येतात हे आत्ता मोजून उपयोग नाही. जिथे पोचता येत नाही तिथे लोक येत नाहीत, मग कुणी येत नाही म्हणून सोय करत नाहीत.

ओळंबा

खर्चाचं म्हणशील तर स्क्रीन आडवी लावायला एक रुपया जास्त लागत नाही. बटणं खाली ठेवायलाही नाही. चौथरा न केल्याने पैसे वाचतात. खर्च येतो तो लावून झाल्यावर बदलताना.

शिवाय तिसरीतलं पोर २०२ सेमीवर हात पोचवणार आहे का? खांदा धरलेल्या आजी? कडेवर बाळ असलेली बाई? खाली आणलेलं बटण यांना सगळ्यांना लागतं. अमेरिकेतलं आधीचं स्टँडर्ड १९९१ चं, त्यात बाजूने हात न्यायचा असेल तर ५४ इंच चालायचे, २०१० च्या स्टँडर्डमधे ते ४८ केले, आणि त्यामागे कमी उंचीच्या लोकांनी लावून धरलेला आग्रह होता. एका गटासाठी आकडा सहा इंच खाली आला आणि सगळ्यांचाच फायदा झाला.

मनमौजी_नगर

पटलं. हॉस्पिटलचं उदाहरण डोक्यात राहील.

हातमाग

सोलापूरकडचा आहे. पोलिओ, दोन्ही पाय. तुम्ही सगळे व्हीलचेअर व्हीलचेअर म्हणताय, पण आमच्याकडे तालुक्याला गावाला निम्मे लोक हाताने चालवायच्या तीनचाकीवर असतात, आता बॅटरीची पण आलीय, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरात मिळते ती. तिचं पुढचं चाक आणि हँडल बघितलंय का, ते पायाच्या पुढे दोन-अडीच फूट येतं. मी कुठल्याही मशीनसमोर सरळ गेलो की चाक मशीनला टेकतं आणि हात पोचायला अजून हातभर कमी पडतं. टेबलाखाली गुडघे घालायची जागा दिली तरी माझा उपयोग नाही, चाक आडवं येतं. मला नेहमी बाजूने लावावी लागते गाडी, भिंतीला समांतर, आणि अंग वळवून काम करायचं. माझे हात-खांदे भक्कम आहेत म्हणून जमतं, सांजसकाळताईंना ते जमणार नाही कारण कमरेतून वळता येत नसेल. म्हणजे एकाच मशीनला समोरूनपण जागा पाहिजे आणि बाजूनेपण पाहिजे. डाव्या-उजव्या हाताला भिंत किंवा खांब असेल तर बाजूने लागत नाही गाडी.

अजून एक, तीनचाकी दारातून आतच येत नाही पुष्कळ ठिकाणी. दरवाजाशी एक चांगली हवा भरलेली, ब्रेक लागणारी व्हीलचेअर ठेवा. मी बसू शकतो उतरून. सगळ्यांना उतरता येत नाही पण ज्यांना येतं त्यांची सोय होईल.

ओळंबा

@हातमाग दादा, फार महत्त्वाचं सांगितलंत. परदेशी स्टँडर्डमधली सगळी मापं चार चाकांची खुर्ची धरून आहेत, त्यात ७६ x १२२ सेमीची जागा धरतात. तीनचाकी त्यात बसत नाही, लांबीला जास्त आणि वळायला तर खूपच जास्त. कातळशिल्प, स्क्रीन कोपऱ्यात अजिबात लावू नकोस. भिंतीच्या मधोमध, दोन्ही अंगाला मोकळं.

टचटेबलाचं गणित वेगळं आहे ते सांगतो. तिथे माणूस टेबलावरून हात पुढे नेतो, त्यामुळे उंचीपेक्षा खोली अडते. एडीएमधे समोरून हात न्यायचा तर खोली जास्तीत जास्त २५ इंच म्हणजे ६३ सेमी धरलीय, आणि ५० सेमीच्या पुढे गेलं की उंचीची मर्यादापण ११२ वर येते. ५५ इंची पॅनल टेबलासारखं झोपवलं की त्याची रुंदीच ६८, शिवाय चौकट. म्हणजे पलीकडच्या कडेचं बटण या बाजूने बसलेल्याला मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक बाजूला त्या त्या बाजूची बटणं, आणि चित्र बोटाने स्वतःकडे ओढता येईल किंवा एका बटणाने माझ्याकडे वळेल असं कर. खाली गुडघ्यांना ६९ सेमी उंच आणि ७६ रुंद मोकळी जागा हवी. कडेला जाड लाकडी पट्टी लावून ती जागा खाऊ नका, पॉवर चेअरची जॉयस्टिक कडेला आपटते आणि खुर्ची एकदम पुढे जाते, याने बोटं चेंगरलेली आहेत लोकांची.

पश्चिमवारा

नेदरलँड्समधून लिहितेय. इकडे युरोपात नवा सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय, त्यात एटीएम, तिकीट मशीन, चेक-इनचे कियॉस्क, पैसे भरायची मशीन हे सगळं येतं. पण आधी बसवलेली मशीन त्यांचं आयुष्य संपेपर्यंत चालू ठेवायला मुभा आहे, जास्तीत जास्त २० वर्षं, जर्मनीने ती १५ धरलीय. म्हणजे २०२४ मधे बसवलेलं वाईट मशीन तिकडे २०३९ मधेसुद्धा उभं असू शकतं. चुकीचं मशीन एकदा बसलं की लहान मूल मोठं होऊन जातं तरी ते तिथेच. म्हणून ऑर्डरच्या आधी विचारताय याचं फार बरं वाटलं.

सॉफ्टवेअरसाठी एक कल्पना, आयफोन ६ आला २०१४ मधे, स्क्रीन मोठी झाली म्हणून त्यांनी एक सोय दिली, रीचॅबिलिटी, तिने वरचा अर्धा भाग खाली सरकतो आणि अंगठा पोचतो. तुमच्या नकाशाला खालच्या कोपऱ्यात असं एक बटण द्या. दाबलं की अख्खा नकाशा लहान होऊन खालच्या पोचण्याजोग्या भागात येईल. उभी स्क्रीन घ्यायची वेळ आलीच तरी सगळं गाव खाली येतं.

कातळशिल्प

@पश्चिमवारा, याचाच विचार चालू होता पण त्यात एक अडचण वाटतेय, नकाशा लहान केला की त्यावरची ठिकाणं पण लहान होतात आणि आजीचीगोधडी म्हणतायत ती मोकळी जागा जाते. आडव्या स्क्रीनवर बहुतेक याची गरज पडणार नाही. पण त्याऐवजी खालच्या पट्टीत ठिकाणांची यादी देतो, फोटोसकट मोठी मोठी चौकोनी बटणं, डावी-उजवी सरकायला बाण. नकाशावरचं प्रत्येक ठिकाण या पट्टीतून उघडता येईल. नकाशाला हात न लावता अख्खं गाव फिरता आलं पाहिजे.

आणि ती पट्टी वेगळा 'व्हीलचेअर मोड' म्हणून लपवणार नाही. कायम दिसेल, सगळ्यांना.

सांजसकाळ

हे शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. ते व्हीलचेअरचं चित्र असलेलं बटण पुष्कळ ठिकाणी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात असतं, ज्याला लागतं त्याच्या हाताबाहेर.

वेळेचं पण बघ. तीस सेकंद कुणी हात लावला नाही की स्क्रीन पहिल्या पानावर जाते असं असतं. मला एका टचवरून दुसऱ्यावर जायला वेळ लागतो, आठवण ऐकत असताना तर हात लावायचाच नसतो. बंद व्हायच्या आधी मोठ्या अक्षरात विचारू दे, 'अजून बघताय का', आणि उत्तर द्यायला निदान वीस सेकंद, आणि स्क्रीनवर खालच्या भागात कुठेही टच केलं तरी 'हो' धरावं.

टेबलक्रमांक४

मी सरकारी खरेदीचं काम बरीच वर्षं केलंय, त्या बाजूने लिहितो. तुम्ही सॉफ्टवेअर कितीही चांगलं करा, पॅनल आणि स्टँड निविदेत जसं लिहिलं असेल तसंच येणार. 'दिव्यांगांसाठी सुलभ असावे' एवढंच लिहिलं तर पुरवठादार 'होय' लिहून देतो आणि कुणी तपासत नाही. मापं लिहा. खालची कड इतक्यावर, वरचं शेवटचं बटण इतक्यावर, समोर इतकी मोकळी जागा, चौथरा नाही, गुडघ्याची जागा इतकी. आणि पैसे देण्याआधी जागेवर व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीकडून तपासणी, ही अट घाला. बिल अडलं की स्टँड बदलून येतो, हा अनुभव आहे.

कायद्याचं पाठबळ मागितलं तर, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, कलम ४० खाली सुलभतेचे नियम, कलम ४४ प्रमाणे नियम पाळले नाहीत तर बांधकामाला परवानगी देता येत नाही, कलम ४५ मधे जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. तुमची जुनी शाळा त्यात येते. भंगाला कलम ८९, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. यंत्रांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७८०२, २०२१ आणि २०२२ मधे दोन भाग आले, मे २०२३ मधे ते नियमांत घेतलं गेलं, त्यात वेबसाईटबरोबर हार्डवेअरपण येतं. निविदेत या मानकाचा क्रमांक जरूर टाका.

आणि ८ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा राजीव रतुरी प्रकरणातला निकाल वाचा. याच कायद्याखालच्या नियम १५ मधे सुलभतेचं जे होतं ते नुसती शिफारस म्हणून चालणार नाही, किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत असं कोर्टाने सांगून केंद्राला तीन महिने दिले. नगरपरिषदेत कुणी 'हे ऐच्छिक आहे' म्हणालं तर हा निकाल दाखवा. शिवाय स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, दाराशी ठेवायच्या व्हीलचेअरचा खर्च त्यातून मागता येतो का ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा. स्क्रीनचा खर्च मात्र त्यातून करू देऊ नका, ती सगळ्यांसाठी आहे, मूळ बजेटमधूनच झाली पाहिजे.

हातमाग

शेवटच्या दोन ओळींना शंभर वेळा अनुमोदन. आमच्या नावाच्या पैशातून रंगरंगोटी झालेली बघितलीय.

ओळंबा

तपासणीबद्दल एक. पुष्कळ ठिकाणी ऑफिसमधल्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून 'हो हो पोचतोय हात' करतात. तो पोटाच्या स्नायूंनी झुकतो, त्याच्या लक्षातही येत नाही की तो झुकतोय. खरी खुर्ची वापरणारी माणसं बोलवा, आणि एकच नको. सांजसकाळ, हातमाग आणि आजीचीगोधडींचा मुलगा, या तिघांच्या गरजा या एका धाग्यात किती वेगळ्या निघाल्या बघा.

त्यासाठी पॅनल यायची वाट बघू नकोस. पुठ्ठा घे, स्क्रीनच्या मापाचा काप, त्यावर तुझी बटणं खऱ्या आकारात छापून चिकटव आणि भिंतीला हव्या त्या उंचीवर टेप मार. टेबलासाठी पण तसंच, प्लायवूड आणि खाली आधाराला दोन सुतारी घोडे. एका दुपारचं काम आहे. उंची दहा सेमी खाली-वर करून बघता येते.

आणि बसलेल्या डोळ्याची उंची ११० ते १२० च्या आसपास असते, तिथून स्क्रीन कशी दिसते ते बघ. स्वस्त टीएन पॅनल खालून बघितलं की रंग उलटे-काळे दिसतात. आयपीएस पॅनल मागून घे, त्यात तिरकं बघितलं तरी रंग नीट दिसतात. काच जाड असेल तर खालून बघणाऱ्याला बटण जिथे दिसतं तिथे ते नसतं, बोट थोडं चुकीच्या जागी पडतं, म्हणून पण बटणं मोठी हवीत. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर येतो तो बसलेल्याला वेगळ्या जागी येतो.

पश्चिमवारा

धागा व्हीलचेअरचा आहे तरी एक भर घालते. कॅनडात विनिपेगला मानवी हक्कांचं म्युझियम आहे, २०१४ मधे उघडलं, तिथे टचस्क्रीनच्या कडेला हाताला जाणवणाऱ्या बटणांचा छोटा कीपॅड बसवलाय, हेडफोनची जागा त्यातच. अंध माणसाला त्याने स्क्रीन ऐकत वापरता येते, पण ज्याचा हात वर जात नाही त्यालाही अख्खी स्क्रीन खालूनच चालवता येते. तुमच्याकडे आवाजातल्या आठवणी आहेतच, तेव्हा निम्मं काम झालेलं आहे.

आजीचीगोधडी

कीपॅडची कल्पना खूप आवडली. माझ्या मुलाला मोठं, ठोकून दाबता येणारं एकच बटण पण चालतं, एकेक ठिकाण आपोआप उजळत जातं आणि हवं तिथे तो ठोकतो. टेबलाच्या कडेला त्याचं स्विच जोडायला साधी जॅकची जागा दिलीत तर आम्ही त्याचं स्वतःचं घेऊन येऊ.

कातळशिल्प

सगळ्यांचं वाचून काल नगरपरिषदेत बोललो. स्क्रीन आडवी, खालची कड ७०, चौथरा रद्द, भिंतीच्या मधोमध. ठिकाणांची पट्टी खाली कायम. कीपॅड आणि स्विचच्या जॅकसाठी निविदेत जागा धरायला इंजिनियर तयार आहेत, टेबलाच्या चारपैकी दोन बाजूंना. टेबलक्रमांक४ यांनी सांगितलेली तपासणीची अट लेखा विभागाला आवडली नाही, बिल लांबतं म्हणून, पण निकालाची प्रत दिल्यावर मुख्याधिकारी म्हणाले घालूया. पॅनलवाल्यांनी आयपीएस द्यायचं कबूल केलंय, स्टँड मात्र इथल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतोय, कारण त्यांच्याकडे आडवा ठेंगणा स्टँडच नाही.

पुठ्ठ्याची चाचणी पुढच्या आठवड्यात. तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेचे लोक येतायत, त्यात तीनचाकीवाले दोघे आहेत. टेबलाची उंची अजून ठरत नाहीये, मोठ्या खुर्चीचे गुडघे आत जायचे तर वरचा पृष्ठभाग ७६ च्या खाली येत नाही पॅनलच्या जाडीमुळे, आणि मुलांना ते उंच पडतं.

ओळंबा

पॅनल मुलांच्या बाजूला तिरकं कर, दहा-बारा अंश. गुडघ्याची जागा उंच बाजूला ठेव, मुलांच्या बाजूची कड आपोआप खाली येईल. ट्रेवाल्या खुर्चीसाठी त्या बाजूची चौकट शक्य तेवढी पातळ. फॅब्रिकेटरला स्केच पाठवायचं असेल तर मला दाखव, रात्री बघून देतो.

सांजसकाळ

चाचणीला येणाऱ्यांना 'कसं वाटलं' विचारू नकोस, सगळे छान म्हणतात. काम दे. देवराईतली आठवण शोधून ऐका आणि मग परत नकाशावर या, असं. आणि गप्प बसून बघ कुठे हात थांबतो.

हातमाग

एवढ्या लांब यायला जमणार नाही मला, पण उद्या माझ्या आणि शेजाऱ्याच्या बॅटरीवाल्या तीनचाकीची मापं घेऊन इथे टाकतो. लांबी, पुढच्या चाकापासून सीटपर्यंतचं अंतर, वळायला किती जागा लागते ते.

कातळशिल्प

जरूर टाका दादा. हँडलची उंचीपण घ्या, बाजूने गाडी लावली की ते स्क्रीनच्या चौकटीला लागतं का ते बघायचंय.